नाव झाका, दार उघडं ठेवा

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती,
देशातील सर्व उच्च न्यायालये

विषय : स्वतःसाठी बोलू न शकणाऱ्या रुग्णांच्या उपचारांविषयीच्या सुनावण्या, रुग्णाची ओळख आणि लोकांचा ऐकण्याचा हक्क

माननीय महोदय, महोदया,

मी २८ वर्षं न्यायालयात लघुलेखिका होते. न्यायाधीश सांगत, मी वहीत उतरवून घेत असे आणि संध्याकाळी टंकलिखित करून सहीला ठेवत असे. प्रत्येक कागदाची सुरुवात ठरलेली : पक्षकाराचं पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार. त्या चार गोष्टी माझी बोटं विचार न करता उमटवायची. घटस्फोट असो, अपघाताची भरपाई असो, वेडसर ठरवलेल्या बहिणीच्या जमिनीचा वाद असो. नाव, वय, धंदा, राहणार. ज्यांची नावं मी अशी टंकली त्यांच्यातल्या किती जणांना आपलं नाव तिथे लिहिलं जातंय हे ठाऊकच नव्हतं, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. तो पडला निवृत्तीनंतर, माझ्या धाकट्या भावाचं नाव तसंच छापलेलं पाहिलं तेव्हा.

भाऊ नोकरीसाठी परराज्यात राहायचा. मेंदूत रक्तस्राव झाला आणि तो पुढचे १४ महिने शुद्धीवर आला नाही. पगाराचं खातं त्याच्या एकट्याच्या नावावर, ठेवी त्याच्या नावावर. बँकेने सांगितलं, सही खातेदाराचीच लागेल. रुग्णालयात दर आठवड्याला नवा संमतीचा कागद पुढे यायचा आणि पत्नीची सही पुरेल की नाही यावर तिथेच वाद व्हायचा. शेवटी भावजयीने तिथल्या उच्च न्यायालयात रिट याचिका केली : मला यांची पालक नेमा, पैशांचे आणि उपचारांचे निर्णय घेऊ द्या.

हे न्यायालयात का न्यावं लागतं, ते आपणांस सांगायला नको. पण हे पत्र इतरही वाचणार आहेत, म्हणून लिहिते. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा अल्पवयीन मुलांसाठी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे, पण आजवर धडधाकट असलेला आणि काल बेशुद्ध पडलेला प्रौढ माणूस त्यात नीट बसत नाही. त्यामुळे अशी कुटुंबं संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली आपल्याकडे येतात आणि न्यायालय त्या माणसाच्या मायबापाच्या भूमिकेतून निर्णय करतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, इतर न्यायालयांनीही आपापल्या परीने वाट काढली. कायद्यातली पोकळी न्यायाधीशांनी माणुसकीने भरून काढली आहे. त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

सुनावणीच्या दिवशी आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. बाहेरच्या पडद्यावर त्या दिवसाचं बोर्ड, म्हणजे सुनावण्यांची यादी, लागलं होतं आणि त्यात भावाचं पूर्ण नाव, पुढे ‘बेशुद्धावस्थेत असल्याने पत्नीमार्फत’ असं झळकत होतं. मॅटर पुकारलं गेलं. वैद्यकीय मंडळाचा अहवाल सीलबंद लिफाफ्यात आला. न्यायमूर्तींनी तो वाचला, पुन्हा लिफाफ्यात घातला आणि प्रबंधकांकडे दिला. आमच्या वकिलांनाही तो पाहायला मिळाला नाही. त्यात काय होतं? तो शुद्धीवर येण्याची आशा डॉक्टरांनी सोडली होती का? त्याला वेदना जाणवत होत्या का? आम्हाला कळलं नाही. आदेश चार परिच्छेदांचा झाला. अहवाल वाचला, याचिका मंजूर, पत्नीला अमुक अमुक अधिकार. वागणूक सौजन्याची होती, निकाल आमच्या बाजूने लागला होता. मी हातातल्या रुमालाची घडी करत बसले, कारण रडू आवरत नव्हतं.

दीड महिन्याने भाच्याचा फोन आला. तो अकरावीत. वर्गातल्या कुणीतरी त्याच्या वडिलांचं नाव शोधलं होतं आणि पहिलाच दुवा त्या आदेशाचा निघाला होता. नाव, वय, घराचा पत्ता, आजार, शरीर कोणकोणत्या नळ्यांवर आहे त्याचं वर्णन, बँकेचं नाव आणि खातं क्रमांक. “आत्या, तू कोर्टात होतीस ना? हे काढता येतं का?” एवढंच त्याने विचारलं.

महोदय, त्या आदेशात भावाचं नाव चव्हाट्यावर आलं आणि त्याच्याविषयीच्या निर्णयाचं कारण लिफाफ्यात राहिलं. व्हायला हवं होतं नेमकं उलटं. हे एवढंच सांगायला मी हे पत्र लिहिते आहे.

लोकांनी सुनावणी ऐकावी हे मी का मागते, ते आधी सांगते. भावाला ज्या यातना झाल्या त्या पाहता मी दार बंद करा म्हणायला हवं होतं, असं घरातल्याच काहींचं मत आहे. मला ते पटत नाही. एरवीच्या दाव्यात हरलेला पक्षकार जिन्यावरच बोलायला लागतो. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं नाही, वकील उशिरा आला, साक्षीदार फिरला, हे तो गावभर सांगतो. त्याचं बरंचसं रागापोटी असतं, पण त्यातूनच एखादी खरी चूक वर येते. बेशुद्ध माणूस, बुद्धीने बालकासारखी राहिलेली स्त्री, मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं पडून असलेला म्हातारा, यांना हे करता येत नाही. त्यांच्याबाबत चूक झाली तर ती सांगणारं तोंडच नसतं. नातेवाईक बोलतील म्हणावं, तर कित्येकदा त्यांचाही त्यात हितसंबंध असतो. मी अशा जमिनी पाहिल्या आहेत आणि असे भाऊही. म्हणून जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या सुनावणीला बाहेरच्या डोळ्यांची गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

१९१३ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने स्कॉट विरुद्ध स्कॉट या प्रकरणात न्यायदान उघड्यावर झालं पाहिजे हे ठामपणे मांडलं, पण अल्पवयीन पाल्य आणि वेडे यांना त्यातून वगळलं. कारण हे की तिथे न्यायालय पित्याच्या नात्याने वागतं आणि घरातला मामला घरातच राहावा. शंभर वर्षांनंतरही ही समजूत आपल्या कामकाजात मुरलेली आहे. पण घरातला मामला घरात ठेवल्याने घरातल्या दुबळ्याचं भलंच होतं, असं कौटुंबिक प्रकरणांचे कागद टंकलेला माणूस तरी म्हणणार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे आला. नरेश श्रीधर मिरजकर हे वार्ताहर, आणि मुंबई उच्च न्यायालयात एका बदनामीच्या दाव्यातल्या साक्षीदाराची जबानी छापू नये असा तोंडी आदेश. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी बहुमताच्या निकालात खुल्या न्यायालयाचं महत्त्व सांगितलं आणि न्यायाच्याच हितासाठी अपवाद म्हणून दार लोटून घेण्याचा अंगभूत अधिकारही मान्य केला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळं मत नोंदवलं. मी त्या निकालाकडे एका साध्या गोष्टीसाठी पाहते. दार बंद करणं हा अपवाद आहे, आणि अपवाद करणाऱ्याने त्याचं कारण सांगितलं पाहिजे.

आता अरुणा शानभाग यांच्याविषयी. महाराष्ट्रात या विषयावर लिहायचं आणि त्यांना टाळायचं, हे शक्य नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्या तिथेच वारल्या. मधली जवळपास ४२ वर्षं त्यांना स्वतःविषयी एक वाक्य बोलता आलं नाही. ७ मार्च २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात एक परिच्छेद आहे, तो मी कितीतरी वेळा वाचला. टाटा मेमोरियल, हिंदुजा आणि सायन रुग्णालयांतल्या तीन डॉक्टरांनी त्यांची तपासणी केली होती. त्या वेळी केलेल्या चित्रीकरणाची सीडी २ मार्चला भर न्यायालयात पडद्यावर दाखवली गेली, हजर असलेल्या सर्वांना त्यांची अवस्था पाहता यावी म्हणून. त्यासाठी न्युरेम्बर्ग खटल्यांचा दाखला दिला गेला. तिथेही नाझींच्या अत्याचारांची चित्रफीत न्यायालयात दाखवली होती.

न्यायमूर्तींचा हेतू मी समजू शकते. एका बाईच्या जगण्यामरण्याचा निर्णय चार भिंतींआड झाला असं कुणी म्हणू नये, असंच त्यांना वाटलं असणार. तरीही मला तो परिच्छेद वाचताना दर वेळी थांबावं लागतं. न्युरेम्बर्गमध्ये आरोपी समोर बसले होते आणि चित्रफीत त्यांच्याविरुद्धचा पुरावा होती. इथे आरोपी कुणी नव्हता. पडद्यावर होती ती एक परिचारिका, जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारता येणारही नव्हतं.

पण त्याच निकालाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अरुणा यांना अन्न देणं थांबवावं अशी याचिका करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांनी वर्णन केलेली अवस्था आणि रुग्णालयाचं म्हणणं यांत फरक होता. म्हणून न्यायालयाने तीन डॉक्टर नेमले. त्यांचा अहवाल निकालपत्रात छापला गेला. केईएमच्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना काय वाटतं ते त्यात आलं. ज्यांनी इतकी वर्षं त्यांना सांभाळलं त्यांचं मत अधिक मोलाचं, असं न्यायालयाने का मानलं तेही आलं. याचिका फेटाळली गेली, पण उपचार थांबवण्याची परवानगी उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाकडून घेण्याची पद्धत त्याच निकालाने घालून दिली. हे सगळं आपण वाचू शकलो म्हणून घराघरांत त्यावर बोलणं झालं, डॉक्टरांनी लिहिलं, आणि पुढे २०१८ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करताना त्या निकालाची चिकित्सा केली. या उपयोगाला आला तो छापलेला अहवाल आणि मांडलेली कारणं. सीडीच्या पडद्यावरून कायद्याचं पाऊल पुढे पडलेलं मला तरी दिसत नाही.

दुसरं उदाहरण २००८ चं. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळलेलं एक जोडपं मुंबई उच्च न्यायालयात गेलं, गर्भपाताची २० आठवड्यांची कायदेशीर मर्यादा उलटली होती, आणि न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यांचं नाव, त्यांचे फोटो आठवडाभर वर्तमानपत्रांत होते. त्या वादामुळे २० आठवड्यांच्या मर्यादेवर देशभर चर्चा सुरू झाली आणि २०२१ साली कायदा बदलला. ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी २४ आठवडे, आणि गंभीर व्यंगाचं निदान वैद्यकीय मंडळाने केलं तर ती मर्यादाही नाही. चर्चा व्हायलाच हवी होती. पण तिच्यासाठी त्या बाईचा चेहरा लागत होता का? आज अशा याचिकांमध्ये ‘एक्स’, ‘एबीसी’ अशी अक्षरं पाहायला मिळतात. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांच्या गर्भपाताच्या हक्काबद्दल दिलेला महत्त्वाचा निकाल ‘एक्स’ याच नावाने ओळखला जातो. निकालाचं वजन त्याने कमी झालेलं नाही.

आणि कारणं उघड असल्याने काय होतं, ते २००९ च्या चंडीगडच्या प्रकरणात दिसतं. सरकारी संस्थेत राहणारी, बौद्धिक अक्षमता असलेली एक अनाथ तरुणी अत्याचारातून गरोदर राहिली होती. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तज्ज्ञ समितीच्या अहवालात मात्र नोंद होती की तिला मूल हवं आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि सांगितलं की सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीची संमती डावलता येत नाही. तो अहवाल जर सीलबंद लिफाफ्यात पडून राहिला असता, आणि आदेश ‘अहवाल वाचला, याचिका मंजूर’ एवढाच असता, तर तिची इच्छा काय होती हे वरच्या न्यायालयाला कशावरून कळलं असतं? आणि आपल्याला?

महोदय, नवं काही शोधायचंच नाही. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याच्या कलम ३४ मध्ये हवं ते सगळं आहे. संबंधित व्यक्तीने अर्ज केला तर न्यायालय तिच्या नावाऐवजी टोपणनाव वापरू शकतं, इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, सुनावणी घेऊ शकतं, ओळख पटेल असा मजकूर छापायला मनाई करू शकतं. यांतलं एक किंवा तिन्ही, गरजेप्रमाणे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ पासून स्त्रीची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला शिक्षा आहे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निपुण सक्सेना निकालाने पीडित व्यक्ती मरण पावली असेल किंवा तिचं मानसिक संतुलन हरपलं असेल तरीही, केवळ नातेवाईकांची हरकत नाही म्हणून तिचं नाव उघड करता येत नाही असं म्हटलं आहे. हे वाचताना मला भाऊ आठवला. जिवंत आणि बेशुद्ध असलेल्या माणसासाठी असा एकही नियम नाही. तो कुठल्याच कायद्याच्या छत्रीखाली येत नाही, म्हणून त्याचं नाव भिजत राहतं.

दुसऱ्या टोकाला मानसिक आरोग्य मंडळं आहेत. २०१७ च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यांचं कामकाज बंद दाराआड ठेवलं आहे. संबंधितांव्यतिरिक्त कुणाला बसायचं तर परवानगी लागते. रुग्णाचं रक्षण हा हेतू आहे, आणि मनोरुग्णाला आपल्या समाजात काय ऐकावं लागतं हे माहीत असल्याने मी त्या हेतूचा आदरच करते. पण ज्याला इच्छेविरुद्ध दाखल केलं आहे त्याची तक्रार त्या खोलीत कशी ऐकली जाते, हे बाहेरून कुणाला कळणार? नावं काढून निर्णयांची कारणं प्रसिद्ध करायला कुणाची ना असण्याचं कारण नाही.

सीलबंद लिफाफ्याबद्दल २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्तवाहिनीच्या प्रकरणात स्पष्ट शब्दांत नापसंती दाखवली. ते प्रकरण राष्ट्रीय सुरक्षेचं होतं. तिथे जर लिफाफा खटकतो, तर भावाच्या मेंदूच्या अहवालासाठी तो का असावा?

नाव झाकण्याचंही एक भय आहे. ते इंग्लंडमधल्या अनुभवावरून कळतं, आणि आपण त्याच वाटेने गेलो तर आपल्याकडेही तसं होईल. तिथे स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्यांसाठी ‘कोर्ट ऑफ प्रोटेक्शन’ आहे. २००५ च्या कायद्याने ते उभं राहिलं, २००७ पासून चालतं. आधी तिथल्या बहुतेक सुनावण्या बंद दाराआड होत. जानेवारी २०१६ पासून पद्धत बदलली. दार साधारणपणे उघडं, वार्ताहर आणि सामान्य माणूस बसू शकतो, पण रुग्णाची ओळख उघड करायची नाही असा आदेश सुरुवातीलाच निघतो. मी मागते आहे ते बरंचसं हेच आहे. तरीही २०२३ साली तिथे एका १९ वर्षांच्या मुलीचं प्रकरण झालं. ती अतिदक्षता विभागात होती, दुर्मीळ आजाराने ग्रासलेली, पण पूर्ण शुद्धीवर. तिला परदेशात जाऊन प्रायोगिक उपचार घ्यायचे होते. कागदोपत्री ती ‘एसटी’ होती. ही दोन अक्षरं तिच्या रक्षणासाठी होती, पण त्यांच्यामुळे तिला आणि तिच्या आईवडिलांना स्वतःची कहाणी सांगून मदतही मागता येईना. डॉक्टरांच्या निदानावर तिचा विश्वास बसत नाही म्हणून तिला निर्णयक्षमता नाही, असं न्यायालयाने ठरवलं. ती वारली, त्यानंतर बंदी उठली आणि आईवडिलांना तिचं नाव उच्चारता आलं. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णयच चुकीचा ठरवला. डॉक्टरांचं म्हणणं न पटणं म्हणजे विचारशक्ती नसणं नव्हे.

या प्रकरणाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं. कारण झाकलेलं नाव ज्याचं आहे त्याच्याच हातात त्याची किल्ली नसेल, तर ते झाकण त्याच्याच तोंडावर बसतं. रुग्णाचं नाव झाकायचं म्हणता म्हणता रुग्णालय झाकलं जातं, डॉक्टर झाकले जातात, यंत्रणेची चूक झाकली जाते. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, मुलांच्या मृत्यूनंतरही उपचार करणाऱ्यांची नावं अनिश्चित काळ गुप्त ठेवणारे आदेश चालू ठेवायला नकार दिला, तो याच चिंतेतून. आपल्याकडेही मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या एका प्रकरणात नावं, पत्ते, फोन क्रमांक आदेशातून काढण्याची अतिशय काटेकोर पद्धत घालून दिली. त्यातला तो भाग मी लघुलेखिका म्हणून मनापासून वाखाणते, कारण कुठल्या ओळीत काय गाळायचं इतकं नेमकं आम्हाला कधी कुणी सांगितलं नव्हतं. पण त्याच पद्धतीत परवानगीशिवाय बातमी द्यायची नाही आणि निकालही प्रसिद्ध करायचा नाही असं होतं. तिथे नावाबरोबर कारणही आत गेलं.

म्हणून माझं मागणं हे आहे. आपणांस स्वतःचे नियम करण्याचा अधिकार आहे, संसदेची वाट पाहावी लागणार नाही. उपचार, पालकत्व किंवा गर्भपात यांविषयीची याचिका दाखल होताच प्रबंधक कार्यालयाने तिला अक्षरं द्यावीत आणि खरं नाव वेगळ्या पानावर ठेवावं. बोर्डावर, पुकाऱ्यात, आदेशात तीच अक्षरं चालावीत. हे वकिलाने मागितल्यावर करायचं असं नको. ज्याचा वकील सावध आहे त्याचं नाव वाचतं आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून धावत आलेल्या गरिबाचं उघडं पडतं, हे मी पाहिलेलं आहे. नुसतं नाव काढूनही भागत नाही. तालुका, धंदा, रुग्णालयात भरती झाल्याची तारीख आणि मुलांची संख्या एवढं ठेवलं तर गावातला कुणीही माणूस ओळखतो. खातं क्रमांक आणि पत्ता तर आदेशात कधीच नको, तो बँकेसाठी वेगळ्या जोडपत्रात देता येतो. टंकणाऱ्याला हे पाच मिनिटांचं काम आहे, मी करून सांगते.

सुनावणी मात्र उघडी असावी. ज्याला ऐकायचं त्याला बसू द्यावं, ओळख उघड करणार नाही या अटीवर. रुग्णाला दाखवायचं असेल, त्याच्याशी बोलायचं असेल, तर तेवढा वेळ बाकीच्यांनी बाहेर जावं. दार बंद करायचं तर का, हे दोन ओळींत आदेशात लिहावं. थेट प्रक्षेपणाला माझा या प्रकरणांपुरता विरोध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली प्रक्षेपणाला मान्यता देताना वैवाहिक आणि लैंगिक अत्याचाराची प्रकरणं वगळली होती. बेशुद्ध रुग्णांची प्रकरणंही त्यांच्याच पंगतीला बसवावीत, कारण सुनावणीचे तुकडे कापून ते मोबाईलवर कसे फिरतात ते आपण सगळेच पाहतो. वैद्यकीय अहवाल दोन्ही बाजूंना मिळावा आणि त्याचा गाभा निकालात यावा. रुग्णाच्या वतीने स्वतंत्र न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा वकील, नेमावा, जो पत्नीचाही नसेल आणि रुग्णालयाचाही नसेल. शुद्धीवर असताना तो माणूस काय म्हणायचा, कशाला घाबरायचा, हे कुणाकुणाला विचारलं त्याची नोंद आदेशात असावी. आणि रुग्णाला, किंवा तो गेल्यावर त्याच्या जवळच्यांना, अक्षरांमागून बाहेर यावंसं वाटलं, तर साध्या अर्जावर येऊ द्यावं.

जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची पद्धत सोपी केली. आता रुग्णालयातलीच दोन मंडळं निर्णय करतात आणि दंडाधिकाऱ्यांना कळवतात. ज्या कुटुंबांचं एकमत आहे त्यांचा फेरा वाचला, हे चांगलं झालं. पण याचा अर्थ असा की यापुढे आपल्या दारात येतील ती वादाची प्रकरणं असतील : मंडळ नाही म्हणतंय, मुलगा एक म्हणतोय आणि मुलगी दुसरं. अशा वेळी चार परिच्छेद पुरणार नाहीत.

भाऊ गेला त्याला आता वर्ष होईल. भाच्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधत मी त्या न्यायालयासाठी अर्ज तयार केला, भावजयीने सही केली. वकिलांनी सुचवलं होतं की आदेश संकेतस्थळावरून काढूनच टाका अशी मागणी करू, ती लवकर मान्य होते. त्याच सुमारास दुसऱ्या एका कुटुंबाच्या वकिलाचा फोन आला. त्यांच्या अशिलाचा नवरा तसाच बेशुद्ध होता, बँक तसंच अडवत होती, आणि त्यांनी भावाचा आदेश आपल्या याचिकेला जोडला होता. चारच परिच्छेद होते, पण त्यांच्या कामाला आले.

अर्जातली शेवटची मागणी मी त्या रात्री बदलून पुन्हा टंकली. नाव, पत्ता, आजाराचं वर्णन आणि खातं क्रमांक झाकावा. आदेश तसाच राहू द्यावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लघुलेखिका